तीन दातांचा भाव

पाणी खात्यातल्या बिलमास्तरांचे समोरचे दोन दात मोडले, तेव्हा त्यांना दातांपेक्षा पुडीचं दुःख जास्त झालं. शांपूची पुडी होती, साबणावर फुकट मिळालेली. कात्री चार पावलांवर होती, पण फुकटच्या वस्तूसाठी चार पावलं चालणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी पुडी दातांत धरली आणि ओढली. पुडी फाटली नाही. वरचे दोन दात अर्ध्यात मोडले आणि तिसरा, शेजारचा, सहानुभूतीनं हलायला लागला.

बिलमास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. पण चोवीस वर्षं लोकांची पाणीपट्टीची बिलं तपासल्यावर खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. माणूस शिडशिडीत, कडक इस्त्रीचा, आणि या शहरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत जास्त आहे या ठाम मताचा. हे मत ते मनात ठेवत नसत. दुकानदाराला ऐकवत, रिक्षावाल्याला ऐकवत, ज्याच्या घरी चहा पीत त्यालाही कपाची किंमत विचारून ऐकवत.

दात मोडायला दुसरा एखादा मुहूर्त चालला असता, पण बरोबर एकोणीस दिवसांनी उपअधीक्षकाच्या जागेसाठी मुलाखत होती. चोवीस वर्षांत चालून आलेली पहिली संधी, आणि वयाच्या नियमाप्रमाणे शेवटचीही. बोळक्या तोंडानं अधिकारी होता येत नाही, निदान आधी तरी नाही. तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

दवाखाना मुख्य रस्त्यावर होता. दारातच बूट काढून पायांत निळ्या पिशव्या चढवायच्या. भिंतीत काचेची लांबलचक पेटी, तिच्यात पिवळे मासे. एक मुलगी हसून विचारून गेली, "सर, चहा की कॉफी?" दात दुखत असलेल्या माणसाला गरम काय हवं असं विचारणाऱ्या या शहराबद्दल बिलमास्तरांचं मत आणखी दोन बोटं खाली गेलं.

डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं. "हलणारा काढावा लागेल. मग दोन्ही बाजूंच्या दातांच्या आधारानं तिघांचा पूल बसवू. बत्तीस हजार."

"बाई, मी तिघांचं विचारलं," बिलमास्तर म्हणाले. "बत्तिशीचं नाही."

"सर, इथलं रेंट तर बघा ना."

"म्हणजे तुमच्या जागेचं भाडं मी तोंडात घेऊन हिंडायचं?"

बाई फक्त हसल्या. त्यांचे स्वतःचे दात फार सुरेख होते, आणि ते त्यांना फुकटात पडले असणार या विचारानं बिलमास्तर अधिकच चिडले. तपासणीचे सहाशे देऊन, माशांकडे एक जळजळीत नजर टाकून ते बाहेर पडले. रागाच्या भरात पायांतल्या निळ्या पिशव्या तशाच राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी त्या झटकून, घडी घालून कपाटात ठेवल्या. सहाशेत निदान एवढं तरी.

संध्याकाळी बायकोनं तिच्या ताईला फोन लावला, आणि अपेक्षेप्रमाणे पाचव्या मिनिटाला तो साडूच्या हातात गेला.

हा साडू बसनं सहा तासांवरच्या एका मध्यम शहरात बँकेत रोखपाल होता. मोजायला दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा असल्यामुळे स्वतःच्या पैशांबद्दल बोलायची त्याला फार हौस. फोनवर तो कधी 'कसे आहात' असं विचारत नसे. 'भाजी काय भावानं घेतली' असं विचारी. बिलमास्तर शरमेनं खरा आकडा थोडा कमी करून सांगत. साडूचा आकडा तरीही त्याच्या निम्मा निघे, आणि मग फोनमधून जे हसू येई ते बिलमास्तरांना रात्रीच्या जेवणात खड्यासारखं लागे.

"बत्तीस?" साडू आनंदानं ओरडला. "साडूभाऊ, आमच्याकडे अकरा! हसतखेळत अकरा! या इकडे. दोन दिवसांचं काम. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे."

साडूचे उपकार घेणं म्हणजे आयुष्यभर त्याच्या तोंडून त्यांची उजळणी ऐकणं. पण एकवीस हजारांचा फरक होता. बिलमास्तर जिन्यात येरझारा घालू लागले, तेव्हा वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक खाली उतरत होते. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला जिन्यात गाठणं सोपं, सोडवणं अवघड.

"साधं आहे," प्राध्यापक कठड्याला टेकून म्हणाले. "जी वस्तू ट्रकमध्ये घालून नेता येते, तिचा भाव सगळीकडे साधारण सारखा. पंखा घ्या, खिळे घ्या. जी नेता येत नाही तिचा भाव जागेप्रमाणे. घर, हजामत, दात. न्हाव्याची खुर्ची महाग जमिनीवर असेल, तर तुमचे केसही महाग जमिनीवर पडतात."

"पण गिऱ्हाईक तर ट्रकमध्ये घालता येतं ना?"

प्राध्यापक कठडा सोडून सरळ उभे राहिले. चौतीस वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न कुठल्या विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. "येतं," ते नाइलाजानं म्हणाले. "पण गिऱ्हाईक फार जागा अडवतं."

बिलमास्तरांनी या वाक्याच्या उत्तरार्धाकडे दुर्लक्ष केलं. शास्त्राचा पाठिंबा मिळाला एवढंच त्यांनी घेतलं.

आता खातं. दातांचा निम्मा खर्च खातं देत असे, पण उपचार शहराबाहेर घ्यायचा असेल तर 'सदर उपचार या शहरात उपलब्ध नाही' असा दाखला लागे, आणि तो या शहरातल्याच दंतवैद्याचा लागे. बिलमास्तर पुन्हा माशांसमोर जाऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी दाखल्याचे आठशे घेतले आणि शांतपणे लिहून दिलं: 'रुग्णाच्या मनास झेपेल असा उपचार या शहरात उपलब्ध नाही.' तो कागद वरच्या टेबलावरून तीन दिवसांनी परत आला. शेरा होता: 'मन हा अवयव यादीत नाही.' एकोणीसपैकी चार दिवस इथेच गेले. बिलमास्तरांनी खात्याचा नाद सोडला, रजा टाकली आणि बस पकडली.

बसस्थानकावर साडू हजर होता. त्यानं पिशवी घेतली नाही, पण माहिती सुरू केली. "बघा, स्कूटर इथेच लावली. पार्किंगला पैसे नाहीत! तिकडे किती घेतात?" वाटेत त्यानं एका न्हाव्याच्या दुकानासमोर स्कूटर थांबवून दरांची पाटी दाखवली, जसं पाहुण्यांना एखादं स्मारक दाखवावं.

इथला दवाखाना लोखंडी सामानाच्या दुकानाच्या वर होता. लाकडी बाक, एक पंखा, आणि तोही डॉक्टरांच्या अंगावर. मासे नव्हते. बिलमास्तरांना फार बरं वाटलं. डॉक्टर खरोखर हसतमुख होता. हसत हसत त्यानं हलता दात उपटला, मोडक्या दोघांची मुळं काढली, दोन्ही बाजूंचे धडधाकट दात कानशीनं घासून शेंगदाण्याएवढे केले आणि गुलाबी लगदा तोंडात कोंबून माप घेतलं.

"आता आठ दिवसांनी या."

"आठ?" बिलमास्तर म्हणाले. निदान म्हणायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसता वारा आला. "तोपर्यंत तात्पुरते दात?"

"ते मोठ्या शहरात देतात," डॉक्टर म्हणाला. "त्याचे वेगळे पैसे घेतात. इथली माणसं आठ दिवस तोंड मिटून राहतात."

साडू बाजूला उभा राहून अभिमानानं मान डोलवत होता.

मग बिलमास्तर साडूच्या तीन खोल्यांच्या घरात पाहुणे झाले. झोपायला बाहेरच्या खोलीतला सोफा, जो त्यांच्यापेक्षा वीतभर आखूड होता. जेवायला मऊ शिजवलेलं काहीतरी, जे चमच्यानं खावं लागे आणि तरी शर्टावर सांडे. पण खरी परीक्षा संध्याकाळी. साडूकडे शेजारी जमत आणि साडू सोफ्याकडे हात करून सांगे, "हे माझे साडू. मोठ्या शहरातले. दात करायला मुद्दाम इथे आलेत. तिकडे परवडत नाही हो त्यांना."

शेजाऱ्यांची मनं विशाल होती. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सुचवलं की आलेच आहात तर दोन पँटी शिवून घ्या. एका निवृत्त पोस्टमननं बिलमास्तरांच्या चालण्याकडे निरखून पाहत सांगितलं, "इथे गुडघेही स्वस्तात बदलून मिळतात." तिसऱ्यानं तर सगळेच दात काढून टाकायचा सल्ला दिला. एकगठ्ठा केले की भाव उतरतो म्हणे. चोवीस वर्षं लोकांच्या बिलांवर लाल शाईनं शेरे मारणारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता, कारण उत्तर द्यायला तोंड उघडलं की पुढच्या माणसाला रुमाल काढावा लागे.

मात्र डोळे उघडे होते, आणि बिलमास्तरांचे डोळे म्हणजे मीटरच. त्यांनी बघितलं की या स्वस्त शहरात नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि मधल्या दिवशी टँकरवाला मागेल ते घेतो. फ्रिज बिघडला तर माणूस बिलमास्तरांच्याच शहरातून येतो आणि दुरुस्तीपेक्षा प्रवासखर्च जास्त लावतो. शहरातल्या शहरात फिरायला बस नाही, म्हणून घरात दोन स्कूटरी. कुठे जायचं तर पेट्रोल, आणि पेट्रोलला साडूच्या ओळखीशी काही देणंघेणं नव्हतं. भाजी मात्र खरोखर निम्म्या भावात होती. साडू ती रोज सोफ्यासमोर आणून, पिशवीतून एकेक काढून दाखवी.

पाचव्या दिवशी साडू बँकेत गेल्यावर मेहुणी चहा घेऊन आली आणि समोर बसली. सरळ बाई होती.

"तुम्ही यांचं फार मनावर घेऊ नका, भाऊजी," ती म्हणाली. "स्वस्त आहे हो इथे सगळं. पण यांचा पगारही इथल्याच भावाचा आहे ना. तिकडच्या शाखेत यांच्या हाताखालचा माणूस यांच्याइतकं घेतो. फोनवर तेवढं सांगत नाहीत."

बिलमास्तरांना तो चहा फार गोड लागला. पण हे साडूच्या तोंडावर फेकायचं तर 'पगार' म्हणता यायला हवं, आणि त्यांच्या तोंडून 'फगाल' येत होतं. त्यांनी तो दारूगोळा जपून ठेवला.

नवव्या दिवशी डॉक्टरानं डबी उघडली, तीन दातांचा पूल तोंडात धरला, दाबला, पुन्हा दाबला, मग स्वतःच्या वजनानिशी दाबला. बिलमास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पूल काही बसला नाही.

"मापात चूक झाली," डॉक्टर हसतमुखानं म्हणाला. "पुन्हा घेऊ. अजून आठ दिवस."

मुलाखतीला सहा दिवस उरले होते. बिलमास्तरांनी वहीवर लिहून विचारलं: 'दात करतो कोण? पत्ता द्या. मी त्याच्या डोक्यावर बसतो.'

"बसायला तुम्हाला परत जावं लागेल. इथे कोण करतं दात? सगळे तुमच्याकडूनच येतात." त्यानं पत्ता लिहून दिला. बिलमास्तरांनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. पाणी खात्याच्या मागची गल्ली होती. कार्यालयाच्या खिडकीतून थुंकलं असतं तर त्या कारागिराच्या दारात पडलं असतं, आणि त्या क्षणी त्यांना तशी इच्छाही झाली.

डॉक्टरानं माप घेऊन प्लास्टरचा जबडा ओतला आणि खोक्यात घालून त्यांच्याच हाती दिला. "तुम्ही जाताच आहात, तर घेऊन जा. कुरियरचे पैसे वाचतील."

प्लास्टर सुकायला आणि बसमध्ये जागा मिळायला आणखी दोन दिवस गेले. सहा तासांच्या प्रवासात स्वतःचा जबडा मांडीवर घेऊन बसण्याचा अनुभव फार थोड्यांना येतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मिठाई का?" बिलमास्तरांना बोलायचं नव्हतं, म्हणून त्यांनी झाकण उघडून दाखवलं. बाई पुढच्या थांब्यापर्यंत उभ्या राहून गेल्या.

कारागिराची खोली तळघरात होती. तिन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर शेकडो पांढरे जबडे, सगळे उघडे, जणू पूर्ण शहर एकदम तक्रार करायला उठलं होतं. कारागीर पोक्त माणूस होता. बोळक्या तोंडाचं बोलणं त्याला अनुवादाशिवाय कळत असे.

"माशांच्या पेटीवाल्या डॉक्टरीणबाईंचे दात कुठे होतात?" बिलमास्तरांनी विचारलं.

"इथेच."

"आणि त्या लोखंडाच्या दुकानावरच्या डॉक्टरचे?"

"तेही इथेच. माल तोच, भट्टी तीच, हात हाच." त्यानं हात दाखवला. "दर एकच. तीन दातांचे अडीच हजार."

बिलमास्तर स्टुलावर बसले. "मग बत्तीस कशाचे?"

"दुकानाच्या जागेचे," कारागीर जबडा उजेडात धरत म्हणाला. "आणि त्या चहाकॉफी विचारणाऱ्या मुलीला इथेच कुठेतरी राहायचं असतं, तिच्या खोलीच्या भाड्याचे. तिच्या घरमालकाला इथेच जेवायचं असतं, त्याचे. असं ते चढत जातं."

"आणि तुम्हाला? तुम्हाला कसं परवडतं इथे?"

"मला कुठे परवडतं? मी दीड तास लांब राहतो."

बिलमास्तरांच्या डोक्यात वीज चमकली. ते पुढे वाकले. "मग तुम्हीच बसवा! अडीच हजार रोख."

"मी दात करतो, साहेब. तोंडात हात घालायचा परवाना वेगळा." आणि त्यानं पुढचं वाक्य उच्चारलं ते करवतीसारखं: "पाच दिवस लागतील."

मुलाखत चार दिवसांवर होती.

बायकोनं मुलाखतीच्या सकाळी शर्टाला इस्त्री करून दिली आणि म्हणाली, "कमी बोला. ओठ मिटून हसा." सल्ला उत्तम होता. पण समितीच्या तिघांपैकी मधल्या साहेबांनी नेमका एकच प्रश्न विचारला: "शेजारच्या शहरात पाणी आपल्यापेक्षा निम्म्या दरानं मिळतं. नागरिक विचारतात, असं का? तुम्ही काय सांगाल?"

पंधरा दिवस कोंडलेलं सगळं बिलमास्तरांच्या घशाशी आलं. हा प्रश्न त्यांच्याइतका या देशात कुणी जगला नव्हता. ते उठूनच उभे राहिले.

"थाहेब! थ्वथ्त काहीच नथतं!" त्यांनी सुरुवात केली, आणि मग ते थांबले नाहीत. जमिनीचं भाडं, त्या भाड्यावर चढणारे पगार, त्या पगारावर चढणारा भाजीचा भाव, स्वस्त गावातला टँकर, टँकरवाल्याचा माज, ट्रकमध्ये जाणारा खिळा आणि न जाणारा न्हावी, सगळं त्यांनी मांडलं. पंचवीस मिनिटं. चोवीस वर्षांच्या नोकरीत ते इतकं खरं आणि इतकं चांगलं कधी बोलले नव्हते.  समोरच्या तिघांपैकी एकानं फाईल तोंडापुढे धरली होती. एकाही माणसाला एकही शब्द कळला नव्हता.

ते खाली बसले. मधल्या साहेबांनी चष्मा पुसला. "आभारी आहोत," ते म्हणाले.

आठवड्यानं निकाल लागला. बिलमास्तर उपअधीक्षक झाले होते. नेमणूक तक्रार निवारण कक्षात. समितीचा शेरा खात्यातल्या ओळखीच्या माणसानं त्यांना आणून दाखवला: 'उमेदवार दीर्घकाळ, कळकळीने व खात्यास कोणत्याही प्रकारे न बांधणारे उत्तर देऊ शकतो. या पदासाठी अत्यंत योग्य.'

बिलमास्तरांनी शेरा दोनदा वाचला. अपमान झाला की गौरव, हे ठरेना. बायको म्हणाली, "बढती मिळाली ना? मग?" पण त्यांना राहून राहून वाटत होतं, की आयुष्यातलं एकुलतं एक भाषण झालं आणि ते हवेत गेलं.

पुढच्या रविवारी ते नवा पूल खिशात घालून पुन्हा सहा तास गेले. डॉक्टरानं तो बसवला, या वेळी नीट, आणि साडूनं दारापर्यंत येऊन "बघा, अकरात!" असं सांगून निरोप दिला. त्या अकरात चार वेळचा बसचा प्रवास, बिनपगारी झालेली रजा, साडूच्या घरी नेलेल्या भेटी आणि एक आठशेचा दाखला धरला नव्हता. बिलमास्तरांनीही तो हिशेब मांडला नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एखादं बिल न तपासता सोडून दिलं.

महिनाभरानं साडूचा फोन आला. "साडूभाऊ, बदली! तुमच्या शहरात! भत्ता किती माहीत आहे? पगार जवळजवळ दीडपट!"

"अभिनंदन," बिलमास्तर स्पष्ट उच्चारात म्हणाले. "राहणार कुठे?"

"वा, हा काय प्रश्न झाला? जागा मिळेपर्यंत तुमच्याकडेच की. तुम्ही नाही का आमच्याकडे अकरा दिवस राहिलात? आम्ही एका शब्दानं बोललो का?"

शनिवारी साडू आणि मेहुणी नऊ पिशव्यांसह आले. रविवारी सकाळी साडू दलालाला घेऊन जागा बघायला गेला. जाताना शीळ वाजवत होता. संध्याकाळी आला तो बुटांसकट आत आला, खुर्चीत बसला, आणि पाणी मागितलं. एक पेला, मग दुसरा.

"दोन खोल्या," तो अखेर म्हणाला. "साडूभाऊ, दोनच खोल्या. आणि खिडकी उघडली की समोर भिंत. त्याचं महिन्याचं भाडं..." आकडा त्याच्या तोंडून बाहेर पडेना. ज्या माणसानं अकरा वर्षं फोनवर आकड्यांशिवाय काही दिलं नव्हतं, तो खुर्चीत बसून नुसते ओठ हलवत होता. "आणि वर अनामत. दीडपट पगार अख्खा त्यातच जातोय हो."

बिलमास्तरांनी या संध्याकाळची अकरा वर्षं वाट पाहिली होती. त्यांनी मुद्दाम खुर्ची साडूच्या समोर ओढली, पायावर पाय टाकला, आणि तिन्ही नवे दात दिसतील असं भरघोस हसायला तोंड उघडलं.

तोंड उघडंच राहिलं. ज्या माणसाला या शहरात घर परवडत नाही तो राहणार कुठे, हे त्यांना आत्ता, हसायच्या ऐन वेळी, समजलं होतं.

"अहो," आतून बायकोची हाक आली, "जरा इकडे या. ताईचं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते ठरवू या."